यादीत नसलेला बांध

निवृत्त इंजिनियर म्हटलं की लोक विचारतात, कोणतं धरण बांधलं तुम्ही? मी एकही बांधलं नाही. एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत माझ्या वाट्याला आलं ते दुसऱ्यांनी बांधलेलं बघणं. बांधावरून चालायचं, पायथ्याशी वाकून माती चाचपायची, आणि मालकाला नको असलेली गोष्ट त्याच्या ओसरीवर बसून, त्याचाच चहा पीत सांगायची. माझ्या सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, आमची सून तळ्यांची डॉक्टर आहे. खरं तर माझं काम डॉक्टरपेक्षा सासूचंच जास्त होतं. दर वेळी जायचं आणि काहीतरी खोट काढायची.

या अंकाच्या संपादकांनी सुचवलं होतं की एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या आठवणी लिहा. पण मोठ्या धरणाची काळजी करायला माणसं असतात. तिथं पहारेकरी असतो, पाण्याची उंची मोजणारा असतो, साहेब लोकांची ये-जा असते. मला आठवतात ते लहान बांध. कुणाच्या तरी आजोबांनी आपल्याच रानातल्या ओढ्यावर घातलेले, खाजगी मालकीचे, नकाशावर नसलेले आणि सरकारच्या कोणत्याही यादीत न सापडणारे. त्यांची उंची जेमतेम तीन पुरुष असते, पण एखादा फुटला तर खालच्या वस्तीला ती पुरेशी असते.

बाहेरच्या माणसाला आधी एक गोष्ट सांगायला हवी. मातीचा बांध गळतोच. न गळणारा मातीचा बांध मी पाहिलेला नाही आणि कुणी दाखवतो म्हणाला तर माझा विश्वास बसणार नाही. पायथ्याशी थोडं स्वच्छ पाणी पाझरत असेल तर बांध ठणठणीत असू शकतो. भीती असते ती पाण्याबरोबर माती येऊ लागली की. पाणी एकेक कण घेऊन बाहेर पडतं, आत त्या जागी पोकळी होते, ती पोकळी मागं मागं सरकत तलावापर्यंत पोचते. तोवर बाहेरून काही दिसत नाही. एकदा पोचली की मग घटका-दोन घटकांचा खेळ.

मालक मंडळींना हे पटवणं अवघड जायचं, कारण बांध दिसायला नुसता मातीचा ढीग. खुलताबादकडच्या एका मालकानं मी तपासायला येणार म्हणून घुशींची सगळी बिळं शेणानं सारवून ठेवली होती. अंगण सारवावं तसा बांध सारवलेला, वर रांगोळी काढायची तेवढी राहिली होती. दुसऱ्या एकानं बांधाच्या माथ्यावर आंब्याची कलमं लावली होती. झाडाची मुळं आत शिरतात, झाड वाळलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयत्या नळ्या तयार होतात, हे मी समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मग मॅडम, वाळू देत नाही आपण. पाणी तर हाताशीच आहे."

पण मला सांगायचंय ते फुलंब्रीच्या पुढच्या एका बांधाबद्दल. नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मोबाईल अजून आमच्यापर्यंत पोचले नव्हते. तालुक्याच्या कचेरीतून आमच्या कार्यालयात एक अर्ज आला. खाली अंगठा होता, आणि मजकूर शाळेतल्या गुरुजींनी लिहून दिलेला दिसत होता. रंगनाथराव नावाच्या जमीनदाराचा बांध गळतो, खाली आमच्या बारा घरांची वस्ती आहे, कुणीतरी येऊन बघावं. साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "खाजगी आहे. आपला काय संबंध?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही जाऊन या. एक अहवाल देऊन टाका."

माघ महिना होता. जीप घेऊन आमचा ड्रायव्हर हमीदभाई आणि मी गेलो. रंगनाथराव तेव्हा सत्तरीचे. स्वच्छ धोतर, दोऱ्यानं बांधलेला चष्मा, बोलणं अदबीचं. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. त्यांनी जीपच्या मागच्या रस्त्याकडे बघितलं.

"साहेब मागून येताहेत का?"

"नाही अण्णा. बघायला मीच आलेय."

"बरं," म्हणाले, आणि मला आत बायकांकडे चहाला पाठवून दिलं. चहा झाल्यावर ते बाहेर आले तेव्हा मी मागल्या दारानं निघून बांधावर पोचले होते. हमीदभाई नंतर म्हणाला, "अण्णा दो मिनिट खाली जीप कोच देखते खड़े थे, मॅडम."

बांधाचा त्यांना फार अभिमान होता आणि तो रास्त होता. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे निजामी राजवट गेल्यावर, दोन-तीन सालांत त्यांच्या वडिलांनी तो घातला. त्याआधीची वर्षं घराण्यानं भीतीत काढलेली. पुन्हा नीट श्वास घेता आला तसं वडिलांनी ठरवलं की आता इथंच राहायचं तर पाण्याची सोय करायची. गाढवांवरून माती आणली, बैल फिरवून ती दाबली, असं अण्णा सांगत होते. मधोमध चिकट काळी माती, दोन्ही बाजूंनी मुरूम. कुणी इंजिनियर नव्हता, तरी मांडणी अगदी पुस्तकातली होती. मी तसं म्हटल्यावर अण्णांचा चेहरा जरा सैल झाला.

"मग फिकीर कसली मॅडम? पन्नास सालं झाली बांधाला."

पन्नास वर्षं हीच एक अडचण होती. माथा मधे बसला होता. दोन्ही टोकांपेक्षा चांगला हातभर खाली. बाभळी वाढल्या होत्या. त्यात त्यांच्या मुलानं, सुधाकरनं, खालच्या मोसंबीला पाणी द्यायला काही वर्षांपूर्वी बांध आडवा खोदून एक लोखंडी पाइप टाकला होता आणि वरून माती ओढून घेतली होती. सुधाकर वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला होता, बजाजनगरला राहायचा आणि रविवारी गावी यायचा. दोन रविवारांत काम उरकलं होतं.

आणि सांडवा. सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाण्याला जायची ठरवून दिलेली वाट. ती बांधाच्या माथ्यापेक्षा खाली असते, म्हणून पाणी कधी माथ्यावर चढत नाही. अण्णांनी त्या वाटेवर दोन फूट उंचीची विटांची भिंत बांधली होती.

"दरसाल एवढं पाणी फुकट जायचं," ते म्हणाले. "मी अडवलं. त्यात काय चुकलं?"

"पाण्याची वाट बुजवलीत अण्णा. उद्या ते स्वतःची वाट काढील, आणि ती बांधावरून असेल."

"पाहू," ते म्हणाले. त्या शब्दाचा अर्थ मला नोकरीच्या पहिल्या वर्षातच कळला होता.

पायथ्याशी मेंढरं घेऊन एक बाई उभी होती. पन्नाशीची, काटक, हातात काठी. गिरजाबाई. अर्ज तिचाच. वस्ती मेंढपाळांची. काही घरं अजून मेंढरं राखायची, बाकीची अण्णांच्या रानात कामाला यायची.

"तीन डाव गेले कचेरीत," ती म्हणाली. "तिसऱ्या डावाला अंगठा घेतला. या बाई, दावते."

तिनं मला बरोबर त्या पाइपाच्या जागी नेलं. सगळीकडे गवत वाळून पिवळं झालेलं आणि इथं मात्र खाटेएवढी हराळी हिरवीगार.

"इथं भर उन्हाळ्यातबी अशीच असती. मेंढरं इथंच येऊन बसत्यात. आन श्रावणात पाणी येतं ते हातात घेतलं की बोटाला बारीक माती लागती."

मी माणसांना प्रशिक्षण देऊन जे बघायला शिकवत होते, ते ही बाई मेंढरांमागं फिरून शिकली होती. मी तिला विचारलं, सगळं लिहून घेतलं, फोटो काढले. निघताना तिनं जीपच्या दारावर हात ठेवला.

"बाई, एकच सांगा. पळायचं कधी?"

तिला बांध दुरुस्त करून हवा होता, पण तो आपल्या हातात नाही हेही तिला ठाऊक होतं. मी तिला साध्या शब्दांत सांगितलं. रोज सकाळी काचेच्या नाहीतर स्टीलच्या पेल्यात पाझराचं पाणी धरायचं. स्वच्छ दिसलं तर काळजी नको. गढूळ दिसलं, किंवा धार एकदम वाढली, तर लगेच शाळेत जाऊन गुरुजींना मला फोन करायला सांगायचं आणि घरं रिकामी करायची. तलावात भोवरा दिसला तर फोनही करायचा नाही, टेकडीकडे पळायचं.

"गढूळ आलं की सांगायचं, भवरा दिसला की पळायचं," तिनं एकदा म्हणून बघितलं. "व्हय. इतकंच असतं तर कुणी सांगत का नाय?"

त्यानंतर मी जे केलं त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. मी अहवाल दिला. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: "अनुप्रवाह पायथ्यालगत पाझर आढळून आला असून, योग्य ती उपाययोजना करणेबाबत मालकास कळविण्यात यावे." योग्य ती म्हणजे कोणती, हे कुणी विचारलं नाही आणि मीही लिहिलं नाही. कागद तालुक्याला गेला, तिथून अण्णांना एक पत्र गेलं असेल. बांध खाजगी, जबाबदारी मालकाची, खात्याला हुकूम सोडायचा अधिकार नाही. सगळं नियमात बसत होतं. एका मेंढपाळ बाईला जे मी चार वाक्यांत सांगितलं, ते अण्णांना सांगायला मी पुन्हा गेले नाही. उन्हाळा गेला, पावसाळा आला. मी दुसऱ्या कामांत होते.

भाद्रपदात पावसानं तीन दिवस झड लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला कार्यालयात फोन आला. गुरुजी होते.

"मॅडम, गिरजाबाईनं निरोप दिलाय. म्हणते, पेल्याचं बूड दिसत नाही."

साहेब म्हणाले, खाजगी आहे. मी म्हटलं, खाली बारा घरं आहेत. ते म्हणाले, उद्या काही झालं तर तुम्ही तिथं कशा गेलात असं विचारतील. मी म्हटलं, आणि गेले नाही तरी विचारतील. ते खिडकीबाहेर पावसाकडे बघत राहिले. नको म्हणाले नाहीत. मी खाली उतरले.

हमीदभाईनं जीप सुरूच ठेवली होती. "पुल पे पानी हैं बोलते, मॅडम. मगर निकल जातें."

वाटेत फुलंब्रीच्या अलीकडे एका पुलाचं काम चाललं होतं. पावसामुळे बंद. कडेला वाळूचे आणि खडीचे ढीग, दोन ट्रॅक्टर उभे. मी मुकादमाला गाठलं, चिठ्ठीवर सही करून दिली आणि एक ट्रॅक्टर वाळूचा, एक खडीचा मागून घेतला. चिठ्ठीला काही अर्थ नव्हता. मुकादमानं ती वाचलीही नाही. त्यानं एवढंच विचारलं, "खाली माणसं हायत का?" आणि ट्रॅक्टरवर स्वतः बसला.

पोचलो तेव्हा वस्ती रिकामी होती. गिरजाबाईनं सकाळीच म्हातारीकोतारी, पोरं, मेंढरं सगळं टेकडीवरच्या शाळेत नेऊन सोडलं होतं आणि स्वतः परत येऊन बांधाच्या बाजूला, जरा उंचवट्यावर उभी होती. तलाव काठोकाठ. मधे जिथं माथा बसला होता तिथं पाणी आणि माथा यांत वीतभर अंतर उरलेलं. पायथ्याशी हराळीच्या जागी आता मनगटाएवढी धार होती, चहासारख्या रंगाची.

अण्णा भिजत उभे होते आणि चार-पाच गडी त्या धारेत पोती कोंबत होते. मातीनं भरलेली पोती, जुनी गोधडी, ताडपत्री. एक पोतं बसलं की पाणी दोन हात बाजूनं फुटायचं.

मी ओरडून सांगितलं, कोंबू नका, सगळं काढा.

"काढा?" अण्णा माझ्याकडे वळले. "मॅडम, भोक बुजवायचं का मोठं करायचं?"

"भोक आत आहे अण्णा, इथं नाही. इथं तोंड दाबलं तर पाणी आतल्या आत बांध कुरतडत दुसरीकडून निघेल. पाणी अडवायचं नाही. पाण्याला येऊ द्यायचं, माती अडवायची."

त्यांना ते समजेना आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. मी चहाच्या गाळणीचं उदाहरण दिलं. चहा खाली जातो, पत्ती वर राहते. तसंच इथं करायचं. धारेवर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड. वाळू माती धरून ठेवते, खडी वाळू धरून ठेवते, दगड सगळ्यांना दाबून ठेवतात, आणि पाणी मधून गाळून निघतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, शिकाऊ इंजिनियरांना फळ्यावर काढून शिकवलं होतं. वाहत्या धारेवर प्रत्यक्ष कधी केलं नव्हतं. ते मी तिथं कुणाला सांगितलं नाही.

गडी वाळू टाकू लागले. पहिल्या दहा-बारा पाट्या पाण्यानं ओढूनच नेल्या. मुकादम शहाणा होता. त्यानं न विचारता धारेभोवती पोत्यांचं कडं केलं, त्यात पाणी जरा साठलं, संथ झालं, आणि वाळू टिकायला लागली.

आता दुसरं काम. तलावातलं पाणी उतरवायचं. मी अण्णांना म्हटलं, सांडव्यावरची भिंत फोडायला हवी.

ते भिंतीकडे वळले. भिंतीच्या पलीकडे, सांडव्याच्या वाटेला लागून, त्यांची मोसंबीची बाग होती. भिंत होती म्हणून तिथं बाग लावता आली होती. दोन वर्षांत फळ धरणार होती.

"वाळू टाकलीय ना आता," ते शेवटी म्हणाले. "थांबेल पाऊस. दोन घटका बघू. माझा बांध आहे मॅडम, मला ठाऊक आहे तो किती सोसतो."

गिरजाबाई उंचवट्यावरून खाली आली. आजवर ती अण्णांसमोर उभी राहून बोललेली कुणी पाहिली नसावी. पदर सारखा केला आणि म्हणाली,

"अण्णा, ह्यो बांध घातला तवा माझ्या सासऱ्याची मेंढरं चालली ह्याच्यावर. तीन महिनं. बैल जड पडत्यात, रुतत्यात, म्हून तुमच्या वडलांनी मेंढरं मागितली. सासरा सांगायचा, मातीचा एकेक थर टाकायचे आन कळप फिरवायचे. तुमचा हाय तसा आमचाबी हाय. आमी म्हणतोय, फोडा."

मी अण्णांकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसायला गेले, पण सोगाही ओलाच होता.

"गोविंदाची मेंढरं," ते म्हणाले. "व्हय. मी विशीत होतो. मी असायचो ना त्यांच्या मागं."

मग त्यांनी एका गड्याच्या हातातली पहार घेतली आणि सांडव्याकडे चालू लागले.

फोडायचं तेही विचारानं. बांधाला लागून फोडलं असतं तर वाहतं पाणी बांधाचाच खांदा खात गेलं असतं. म्हणून पलीकडच्या टोकापासून, एकेक थर, हळूहळू. पहिला घाव अण्णांनी घातला. सत्तरीच्या माणसाच्या अंगात किती ताकद असणार; दोन घावांनी ते दमले आणि गड्यांनी पहार घेतली. विटा सुटल्या तसं पाणी बागेत घुसलं. सुरुवातीला आळ्यांत साठलं, मग रोपं वाकली, मग मुळासकट निघून ओढ्याकडे गेली. अण्णा तिथंच उभे राहून ते बघत होते. मी जवळ गेले.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "झाडं पुन्हा लावता येतात."

दुपारचे दोन वाजले असतील. तलाव हातभर उतरला होता. पाऊस चालूच होता, पण बारीक. पायथ्याशी वाळू, खडी, दगडांचा एक ओबडधोबड ढीग झाला होता आणि त्यातून पाणी झुळझुळत होतं. गिरजाबाईनं पेला धरला, उजेडाकडे केला, माझ्याकडे दिला. किंचित धुरकट. अर्ध्या तासानं पुन्हा धरला. तिसऱ्या वेळी पेल्याचं बूड दिसलं, बुडावर कोरलेलं तिच्या नवऱ्याचं नावही वाचता आलं. तिनं तो पेला अण्णांपुढं केला. त्यांनी बघितलं आणि नकळत ते पाणी पिऊन टाकलं. सकाळपासून त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं.

मी दगडावर बसले. हमीदभाई छत्री घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, आप रो रहे क्या?" मी म्हटलं, पाऊस आहे. तो म्हणाला, "हौ, बारिशच होयेंगी."

कार्यालयात माझ्याकडून खुलासा मागवला गेला. खाजगी कामासाठी सरकारी जीप का नेली, आणि दुसऱ्या खात्याच्या कामावरची वाळू कोणत्या अधिकारात उचलली. वाळू-खडी अण्णांनी आठवड्याच्या आत भरून दिली होती, म्हणून ते प्रकरण मिटलं. जीपबद्दल मी लिहिलं की पाझराचं पाणी गढूळ झालं होतं. साहेबांनी तो कागद फाइलला लावला. पुढं काही झालं नाही. ते निवृत्त होताना मला म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला जा म्हणायला हवं होतं." मला ते ऐकून बरं वाटलं.

उन्हाळ्यात अण्णांनी तलाव पूर्ण रिकामा केला. सुधाकर कंपनीतून रजा काढून आला. पाइप उकरला तेव्हा त्याच्या खालच्या अंगानं आरपार पोकळी निघाली. सुधाकरनं त्यात हात घातला तो खांद्यापर्यंत गेला. बराच वेळ तो तसाच पडून राहिला, गाल मातीला टेकवून. मग उठून मला म्हणाला, "मॅडम, कंपनीत मी मशीनला एक बोल्ट कमी लावू देत नाही. आणि घरी हे केलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. त्यात माझाही वाटा होता.

ती दुरुस्ती माझ्या नोकरीतलं सगळ्यात आवडतं काम. रविवारी सुट्टीच्या दिवशी मी तिथं असायचे. वीतभर मातीचा थर, त्यावर पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. माथा पुन्हा एका रेषेत आणला, बाभळी मुळासकट काढल्या. पायथ्याला वाळू-खडीची कायमची गाळणी केली. सांडव्यावरची भिंत पुन्हा बांधली नाही. मोसंबी अण्णांनी दुसऱ्या रानात लावली.

अण्णांनी मला एक काम सांगितलं. "तुमचं ते पत्र आलं होतं," ते म्हणाले. "मी तीनदा वाचलं. मला वाटलं, काहीतरी सरकारी आहे. आता मला समजेल असं एक पान लिहून द्या." मी लिहून दिलं. बांधावर झाड नको, बीळ दिसलं की उकरून भरा, सांडव्याला हात लावू नका, पाणी गढूळ आलं तर सांगा, असं. अण्णांनी त्याच्या प्रती काढल्या आणि पंचक्रोशीत ज्यांचे ज्यांचे खाजगी बांध होते त्यांच्याकडे स्वतः जाऊन दिल्या. लोकांना पटेना तिथं ते आपल्या गेलेल्या बागेची गोष्ट सांगायचे. त्या दोन-तीन वर्षांत मला जेवढी बोलावणी आली तेवढी आधीच्या वीस वर्षांत आली नव्हती. आता कुणी जीपच्या मागं साहेब आहे का म्हणून बघत नसे. यादीत नसलेल्या बांधांची एक यादी मी स्वतःच करू लागले. निवृत्तीनंतरही ती माझ्याकडे आहे आणि उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आधी, जमेल तेवढ्या बांधांवरून मी अजून चालून येते. गुडघे कुरकुरतात, पण बांधाचा उतार चढताना त्यांचं ऐकत नाही.

अण्णांनी आणखी एक गोष्ट केली, मला न विचारता. बांध कितीही चांगला झाला तरी त्याच्याखाली घरं नकोत, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. टेकडीच्या अंगाला, शाळेजवळ, त्यांची एक पडीक जमीन होती. ती त्यांनी ग्रामसभेत उभं राहून वस्तीला दिली आणि सुधाकरनं कागदपत्रं करून घेतली. दोन वर्षांत बाराच्या बारा घरं वर गेली. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या तेराव्याला मी गेले होते, तेव्हा वर जाऊन आले. घरांना पत्रे होते, दारात मेंढरांचे वाडे होते, मधे एक हातपंप होता.

गिरजाबाई आता म्हातारी दिसत होती. तिनं मला घोंगडीवर बसवलं, चहा ठेवला आणि तक्रारी सुरू केल्या. इथं वारं लई सुटतं. पत्रे वाजतात. मेंढरं खाली न्यायची, वर आणायची, गुडघे राहिले नाय. पंपाचं पाणी जड हाय, डाळ शिजत नाय.

"मग खालीच बरं होतं का?" मी विचारलं.

तिनं चहा गाळला आणि कप माझ्यापुढं सरकवला.

"खाली सोय होती बाई," ती म्हणाली. "वर झोप लागती."